उत्तरेतली काजळी आणि गोव्यातला पाऊस

वाळपईहून आलेला प्रश्न असा: पंजाब-हरियाणातला जळता पेंढा, गंगेच्या मैदानातल्या चुली आणि वीटभट्ट्या, चीनमधला कोळसा यांची काजळी आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पावसावर परिणाम करते असं वाचनात आलं. हजार-दोन हजार किलोमीटरवरची काजळी इथला पाऊस कशी बदलणार? वास्कोत उडणारी कोळशाची भुकटी, काजूच्या (फेणी गाळण्याच्या) भट्ट्यांचा धूर यांचा त्यात काही वाटा आहे का? आणि हे सगळं उद्या थांबलं, तर पाऊस किती दिवसांत पूर्वपदावर येईल?

परिणाम होतो. पण त्यासाठी काजळीला सत्तरीपर्यंत यावं लागत नाही, आणि पावसाळ्यात ती येतही नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा वारा समुद्रावरून, पश्चिम-नैऋत्येकडून येतो. त्यात मिठाचे कण असतात, अरबस्तानाकडची थोडी धूळ असते. पंजाबची काजळी त्यात नसते. शिवाय काजळी हवेत सरासरी आठवडाभरच टिकते आणि पाऊस पडला की धुऊन निघते. तेव्हा तिथली काजळी इथल्या ढगात शिरते, ही कल्पना आधी बाजूला ठेवू. काजळी जिथे असते तिथली हवा ती तापवते आणि खालची जमीन किंवा समुद्र सावलीत ठेवते. त्यामुळे तिथला दाब बदलतो, दाबाबरोबर वारा बदलतो, आणि हा बदल कणांच्या कितीतरी पुढे जातो. म्हणून अशी कुठलीही बातमी वाचली की मी दोन गोष्टी विचारतो: काजळी कोणत्या महिन्यात होती, आणि हवेत किती उंचीवर होती. या दोन गोष्टी कळल्याशिवाय पावसाबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

आता काजळी म्हणजे नेमकं काय, ते पाहू. लाकूड, शेणी, कोळसा, डिझेल पुरेशा हवेअभावी अर्धवट जळलं की कार्बनचे काही दशक नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आकाराचे गोळे तयार होतात आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या बनतात. शास्त्रीय लिखाणात याला ब्लॅक कार्बन म्हणतात. हवेतले बहुतेक सूक्ष्म कण, म्हणजे गंधकापासून होणारं सल्फेट किंवा समुद्राचं मीठ, सूर्यप्रकाश इकडेतिकडे उधळतात. काजळी तो गिळते. आम्ही वापरतो ते एथॅलोमीटर हे यंत्र याच गुणावर चालतं. ते हवा गाळणीच्या पट्टीवरून ओढतं, पट्टी काळी पडत जाते, आणि तिच्यातून प्रकाश किती कमी पार होतो यावरून काजळी मोजली जाते. दोनापावलच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीतली पट्टी आणि जुलैतली पट्टी शेजारी ठेवा. कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येकडून उपखंडाची हवा घेऊन अरबी समुद्रावर उतरतो आणि आपण त्याच्या वाटेत असतो. रात्रीचे मतलई वारे त्यात आपला स्थानिक धूर मिसळतात. जहाजावरून जानेवारीत किनाऱ्याकडे पाहिलं तर क्षितिजावर तपकिरी पट्टा दिसतो, तो हाच.

या पट्ट्याचा पहिला मोठा हिशेब १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये झालेल्या इंडोएक्स (इंडियन ओशन एक्स्परिमेंट) या मोहिमेने मांडला. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन यांच्यासारखे वातावरणशास्त्रज्ञ त्यामागे होते. मालदीवमधल्या काशिदू बेटावर वेधशाळा उभी केली होती, विमानं होती, जहाजं होती, आणि भारताकडून आपल्या मुरगाव बंदराला चांगलं परिचयाचं असलेलं ‘सागर कन्या’ हे संशोधन जहाज होतं. उत्तर हिंदी महासागरावर जवळपास तीन किलोमीटर उंचीपर्यंत धुरकट थर पसरलेला आढळला. त्या थराखाली, आकाश निरभ्र असताना, समुद्राच्या पृष्ठभागावर पोचणारी सूर्याची ऊर्जा चौरस मीटरमागे सुमारे २० वॉटने घटली होती. ही घट अवकाशात परत जाणाऱ्या प्रकाशामुळे झाली असती तर वरून, उपग्रहातूनही तेवढाच फरक दिसला असता. तो फारच कमी दिसला. म्हणजे गायब झालेली बहुतेक ऊर्जा वाटेतच हवेने घेतली होती, आणि हवेला ती घ्यायला लावणारी मुख्य गोष्ट काजळी होती.

२० वॉट हा आकडा बसल्या जागी समजत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. चौरस मीटरमागे साधारण २९ वॉट ऊर्जा दिवसभर मिळाली की समुद्रावरून १ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं. २० वॉट कमी म्हणजे जवळजवळ ०.७ मिलिमीटर बाष्पीभवनाइतकी ऊर्जा रोज कमी. सगळी तूट बाष्पीभवनातच पडत नाही, काही समुद्राच्या साठ्यातून भागते, म्हणजे समुद्र थोडा थंड राहतो. दुसरीकडे तीच ऊर्जा तीन किलोमीटर जाडीच्या हवेत शिरली की ती हवा दिवसाला सुमारे अर्धा अंश तापू शकते. खाली गार, वर गरम. उन्हाळ्यात कौलारू घराचा माळा तापलेला असतो आणि खालची ओसरी गार असते. दारं-खिडक्या बंद असतील तर खालची हवा वर चढत नाही, तशीच पडून राहते. वातावरणात हेच झालं की ढग उभे राहायला अडचण येते. त्याशिवाय तापलेल्या कोरड्या थरात लहान ढग विरूनही जातात. इंडोएक्सच्या मोजमापांवरून समुद्रावरच्या कापसासारख्या ढगांबाबत हे दाखवलं गेलं.

आता इथपर्यंतचं सगळं हिवाळ्यातलं आहे, आणि तुमचा प्रश्न पावसाळ्याचा आहे. दोघांमधला पहिला दुवा समुद्र आहे. काजळी आठवड्यात जाते, पण महिनोन्‌महिने सावलीत राहिलेल्या समुद्राचं तापमान तितक्या लवकर बदलत नाही. मान्सूनला लागतो तो उष्णतेतला उत्तर-दक्षिण फरक: उत्तरेकडचा भाग दक्षिणेपेक्षा पुरेसा गरम हवा, म्हणजे विषुववृत्त ओलांडून वारा ओढला जातो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ झोत तयार होतो आणि तो अरबी समुद्र पार करून आपल्या घाटांवर आदळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर हिंदी महासागर विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यापेक्षा कमी तापला. रामनाथन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की यामागे ही धुरकट सावली आहे, आणि त्यामुळे उत्तर-दक्षिण फरक कमी होऊन मान्सूनचं अभिसरण मंदावतं. २०११ मध्ये बोलासिना, मिंग आणि रामस्वामी यांनी १९५१ ते १९९९ या काळात मध्य आणि उत्तर भारतात झालेली पावसाची घट प्रतिमानांत, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या हवामानात, तपासली. फक्त हरितगृह वायू घातले तर ती घट येईना. मानवनिर्मित सूक्ष्म कण घातले की आली. उत्तर गोलार्धावर कणांची सावली पडली की दोन्ही गोलार्धांतला ऊर्जेचा तोल सरकतो आणि पावसाचा पट्टा उत्तरेकडे पूर्ण जोराने सरकत नाही. आंतरसरकारी हवामान बदल मंडळाच्या २०२१ च्या सहाव्या अहवालानेही दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या या घटीचं प्रमुख कारण मानवनिर्मित कण असल्याचं म्हटलं आहे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. ‘सूक्ष्म कण’ म्हणजे सगळीच काजळी नव्हे. त्यात सल्फेटचा वाटा मोठा आहे. औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून गंधकाचा वायू भरपूर निघतो पण काजळी कमी, कारण तिथलं ज्वलन चांगलं असतं. काजळी येते ती चूल, जुनं डिझेल इंजिन, वीटभट्टी, शेतातली आग यांतून. दोन्ही खाली सावली पाडतात, पण हवा तापवते ती फक्त काजळी. म्हणूनच काजळीचं वागणं जास्त गुंतागुंतीचं आहे आणि लोक एकाच दमात परस्परविरोधी दावे करताना दिसतात.

विरोधी दाव्यांतला सगळ्यात महत्त्वाचा हा. एप्रिल-मेमध्ये थरच्या वाळवंटाची धूळ आणि गंगेच्या मैदानातली काजळी हिमालयाच्या दक्षिण उतारांवर साठते, कारण पुढे डोंगर आहे. ही काळपट हवा काही किलोमीटर उंचीवर, तिबेटच्या पठाराच्या पायथ्याशी तापते, वर चढते आणि खालून समुद्राकडची दमट हवा ओढून घेते. विल्यम लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ही कल्पना मांडली. तिच्याप्रमाणे काजळीमुळे मान्सूनचा आरंभ लवकर आणि जोरदार व्हायला हवा. निगम आणि बोलासिना यांनी २०१० मध्ये तिच्यावर सडकून टीका केली. निरीक्षणांत ढग आणि पावसाचा क्रम तसा दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. जेराल्ड मील यांच्या गटाने २००८ मध्ये केलेल्या प्रतिमान अभ्यासात दोन्ही बाजू एकत्र आल्या: काजळीमुळे मान्सूनपूर्व महिन्यांत उत्तरेकडे पाऊस वाढतो आणि खुद्द मान्सूनमध्ये घटतो. मला हे चित्र सर्वांत पटण्यासारखं वाटतं, कारण त्यात महिन्याला महत्त्व आहे. मे महिन्यात जमीन कोरडी आणि हवा काजळीने भरलेली असते, तेव्हा वरची उष्णता ओढ वाढवते. जुलैपर्यंत पावसाने काजळी धुऊन गेलेली असते आणि उरतो तो हिवाळा-उन्हाळ्यात सावलीत राहिलेला समुद्र.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही आणि मला फार मोलाची वाटते. वातावरण सतत अवकाशाकडे उष्णता फेकून थंड होत असतं. ही तूट भरून निघते ती मुख्यतः वाफेचं पाणी होताना सुटणाऱ्या उष्णतेने, म्हणजे पावसाने. काजळीने हवेला थेट उष्णता पुरवली तर तूट काही प्रमाणात तिनेच भरून निघते आणि पृथ्वीभरच्या सरासरी पावसाची गरजच तेवढी कमी होते. अनेक प्रतिमानांत काजळी वाढवून पाहिल्यावर हेच येतं: पृथ्वी थोडी तापते, तरी एकूण पाऊस घटतो. कार्बन डायऑक्साइडने तापलेल्या जगात पाऊस वाढतो, काजळीने तापलेल्या जगात घटतो. एखाद्या विशिष्ट प्रदेशात मात्र काजळी दमट हवा ओढून पाऊस वाढवूही शकते. पृथ्वीची सरासरी आणि एका जागेचा पाऊस ही दोन वेगळी गणितं आहेत.

लांबवर परिणाम जातो, याची उदाहरणं आपल्या भागापुरती नाहीत. सुरबी मेनन आणि जेम्स हॅन्सन यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की चीन आणि भारतावरच्या काजळीने हवेचं चढणं-उतरणं बदलून दक्षिण चीनमध्ये पाऊस वाढण्याचा आणि उत्तर चीनमध्ये अवर्षणाचा कल प्रतिमानात उमटतो; चीनमध्ये त्या दशकांत प्रत्यक्षात असाच कल दिसत होता. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातला १९७० आणि १९८० च्या दशकांतला भीषण दुष्काळ तर सर्वांना ठाऊक आहे. युरोप-अमेरिकेच्या चिमण्यांतल्या गंधकाने उत्तर अटलांटिक थंड ठेवला आणि पावसाचा पट्टा दक्षिणेकडे ढकलला, हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानलं जातं. तिथे काजळीपेक्षा सल्फेट महत्त्वाचं होतं, पण यंत्रणा तीच आहे: धूर एका खंडावर, दुष्काळ दुसऱ्या. आणि कण किती झपाट्याने लांबचा पाऊस हलवू शकतात, हे २०१४ मध्ये भुवनेश्वरच्या विनोज यांनी सहकाऱ्यांसह धुळीबाबत दाखवलं. अरबी समुद्रावर पश्चिम आशियाची धूळ वाढली की ती हवा तापते, वाऱ्याचा ओघ वाढतो, आणि सुमारे आठवडाभराच्या आत मध्य भारतातला पाऊस वाढतो. धूळ समुद्रावर, पाऊस मध्य भारतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या कुठल्या अभ्यासात मला सापडलेलं नाही.

उंचीचं महत्त्व कळायला १९९१ आठवा. आखाती युद्धात कुवेतच्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या आणि शेवटची विहीर नोव्हेंबरमध्ये विझली. त्या काळ्या धुराने भारताचा मान्सून बुडेल अशी भीती तेव्हा जाहीरपणे व्यक्त झाली होती. आखातात दिवसा अंधारून आलं, तापमान घसरलं, पण धूर बहुतांशी पाच-सहा किलोमीटरांच्या खालीच राहिला आणि लवकर धुतला गेला. तो पाऊस जिथे पोचत नाही अशा स्थितांबरात चढला असता तर महिनोन्‌महिने टिकला असता. धूर किती काळा आहे हे सगळ्यांना दिसतं. तो किती वर गेला हे मोजावं लागतं.

आता हिमालय. काजळी बर्फावर पडली की पांढऱ्या पृष्ठभागाची परावर्तनशक्ती कमी होते, बर्फ जास्त ऊन पितो आणि लवकर वितळतो. वितळताना पाणी निघून जातं आणि बरेचसे कण वरच राहतात, म्हणून वसंतात पृष्ठभाग आणखी काळवंडतो. बर्फ लवकर गेला की खालची जमीन लवकर तापते आणि मान्सूनच्या ओढीत बदल होतो. गोव्याचा यात थेट हात आहे, मोजण्याच्या कामात. वास्कोच्या हेडलँड सडा इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत, चंद्रा खोऱ्यात चार हजार मीटरवर ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र सुरू केलं. समुद्राच्या काठावर बसून हिमनद्यांचा अभ्यास करणारी माणसं आपल्याच शेजारी राहतात, हे गोव्यातल्या शाळकरी मुलांना सांगायला हवं.

पंजाबच्या पेंढ्याबद्दल मात्र गैरसमज फार आहे. भाताचा पेंढा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जळतो. तेव्हा नैऋत्य मान्सून परतलेला असतो, आणि आठवडाभर टिकणारी काजळी पुढच्या जूनपर्यंत हवेत राहत नाही. दिल्लीकरांच्या फुप्फुसांसाठी ती आग भयंकर आहे आणि तेवढं कारण ती थांबवायला पुरेसं आहे. पण सत्तरीतल्या पावसाशी तिचा संबंध जोडायचा असेल तर तो फार क्षीण आहे. त्याच शेतांत एप्रिल-मेमध्ये गव्हाचं काड जळतं, त्याच्या बातम्या येत नाहीत, आणि मान्सूनच्या दृष्टीने बघायला हवी ती ही आग. चुली तर बाराही महिने पेटतात. काजळी लाकूड-शेण्यांची की कोळसा-डिझेलची, याचा छडा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर अभ्यासाने लावला. ओर्यन गुस्ताफसन यांच्या गटाने मालदीवमधलं हनिमाधू बेट आणि आपला पुण्याजवळचा सिंहगड इथल्या हवेचे नमुने घेतले. किरणोत्सारी कार्बन-१४ ताज्या लाकडात असतो. लाखो वर्षं जमिनीखाली राहिलेल्या कोळशा-तेलात तो उरलेला नसतो. त्यावरून हिशेब निघाला की मोजणीच्या पद्धतीप्रमाणे निम्म्याच्या आसपास ते दोन तृतीयांश काजळी लाकूड, शेणी, काड यांची होती. हिवाळ्यात आपल्यावरून समुद्राकडे जाणाऱ्या त्या तपकिरी पट्ट्यात स्वयंपाकघरांचा वाटा इतका मोठा आहे. त्या धुरात पहिला श्वास चुलीपुढे बसलेली बाई घेते. १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघर पोचवला. पण दुसरी टाकी भरणं परवडलं नाही तर चूल पुन्हा पेटते. माझ्या मते मान्सूनच्या काजळीचा सगळ्यात मोठा प्रश्न टाकी पुन्हा भरण्याच्या किमतीत आहे.

गोव्यात आपण काय भर घालतो? वास्कोची कोळशाची भुकटी काजळी नाही. ती न जळलेल्या कोळशाची, चढउतार करताना उडालेली जाड पूड आहे. तिचे कण काजळीपेक्षा शेकडो पटींनी मोठे असतात आणि बंदराच्या आसपासच, वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडक्यांवर, खाडीत पडतात. पावसावर तिचा परिणाम नाही. मुरगावच्या लोकांच्या आरोग्यावर आहे, आणि त्या लढ्याला पावसाचा आधार शोधायची काहीच गरज नाही. डिचोली-सांगेच्या खाणींची तांबडी धूळही अशीच जड. त्याच बंदरातून रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा तिथे जळतो, तेव्हा तो वेगळ्या हिशेबात जातो.

काजूच्या भट्ट्या फेब्रुवारी ते मे पेटतात, म्हणजे हंगाम मान्सूनपूर्व आहे, पण प्रमाण किरकोळ आणि धूर दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने पसरून जातो. भाणाखाली (रस उकळायच्या भांड्याखाली) सुकं लाकूड घातलं आणि चुलाण्याला हवा पुरेशी दिली तर काजळी बरीच कमी होते, सरपणही वाचतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात पेटलेले वणवे मोठे होते. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. त्या धुराने त्या वर्षीचा मान्सून बदलला असं म्हणता येणार नाही. डोंगराचं नुकसान मात्र वेगळं आणि खरं आहे: जळालेल्या उतारावर जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की माती धुपून ओहोळात जाते. किनाऱ्यावरचे ट्रॉलर, बार्जेस, ट्रक यांचं डिझेल हा आपला काजळीचा खरा वाटा, आणि तो हिवाळ्यात मतलई वाऱ्याबरोबर थेट अरबी समुद्रावर जातो, म्हणजे जिथे सावली पडू नये तिथेच.

आता सत्तरीच्या पावसाकडे येऊ. वाळपईला तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो तो सह्याद्रीमुळे: पश्चिमेचा दमट वारा घाटाला आदळून वर चढतो. वारा जोरात असला आणि दमट असला की पाऊस पडणारच. म्हणून गोव्यात काजळीचा हात शोधायचा असेल तर तो वाऱ्याच्या ओढीत शोधावा. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन मध्य भारताकडे सरकलं की अरबी समुद्रावरचा झोत बळावतो आणि कोकण-गोव्यात झोडपून काढणारे दिवस येतात. उत्तरेची ओढ मंदावली तर आपल्याकडे उघाड लांबते. पण या ओढीवर इतर दावेदारही आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकारी यांनी २०१५ मध्ये दाखवलं की हिंदी महासागर झपाट्याने तापल्यानेही जमीन-समुद्रातला फरक घटून मध्य भारत कोरडा पडत गेला. एल निनोचा हात तर जुनाच. आणि २००२ नंतर मान्सूनचा पाऊस पुन्हा वाढू लागल्याचं २०१७ च्या एका अभ्यासात दिसतं, तेही काजळी फारशी कमी झालेली नसताना. म्हणून एखाद्या वर्षी सरद (पावसाळी भाताची) शेती बुडाली किंवा कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) पाणी तुंबलं तर त्याचं बिल थेट गंगेच्या मैदानातल्या चुलींच्या नावावर फाडता येत नाही.

शेवटचा प्रश्न: सगळं थांबलं तर? २०२० च्या टाळेबंदीत याची झलक मिळाली. मार्चअखेर वाहनं, कारखाने थांबले, गंगेच्या मैदानावरची हवा निवळली, जालंधरहून हिमालयाची शिखरं दिसू लागली. त्या वर्षी देशात सरासरीच्या १०९ टक्के पाऊस झाला. पण त्याच हंगामात प्रशांत महासागरात ला निना उभी राहत होती, जी एकटीच चांगला पाऊस देऊ शकते. हवेचा भाग असाच झटपट सुधारतो: काजळी थांबली की एक-दोन आठवड्यांत आकाश उघडतं, खालची जमीन आणि समुद्र ऊन घेऊ लागतात. बर्फाचा पृष्ठभाग पुढच्या हिमवृष्टीनंतर उजळतो. समुद्राच्या वरच्या थराला महिने, काही बाबतींत वर्षं लागतात. सल्फेटही एकदम कमी झालं तर हरितगृह वायूंची लपलेली उष्णता उघडी पडेल, आणि तापलेल्या हवेत वाफ जास्त मावत असल्याने अतिवृष्टीचे दिवस वाढतील. म्हणून मी काजळी आधी कमी करण्याच्या बाजूचा आहे. ती काढल्याने हवेची उष्णता आणि घरातला धूर दोन्ही एकदम कमी होतात.

पर्जन्यमापकात हा फरक कधी दिसेल? देशाच्या मान्सूनची सरासरी ८७ सेंटीमीटर आहे आणि ती वर्षागणिक साधारण १० टक्क्यांनी वर-खाली होत असते. काजळीचा ठसा या चढउतारापेक्षा लहान आहे, त्यामुळे तो ओळखायला दशकांची नोंद लागते. तुम्ही वाळपईत स्वतः पाऊस मोजत असाल तर हंगामाचा एकूण आकडा लिहून थांबू नका. रोज सकाळी साडेआठला मोजा, १०० मिलिमीटरांच्या वरचे दिवस वेगळे लिहा, आणि जून-जुलैतल्या उघाडीचे सलग दिवस वेगळे. मान्सूनची ओढ कमी-जास्त झाली की बदल आधी या दोन रकान्यांत येतो, एकूण पावसाच्या रकान्यात नंतर.